नावा बांधायची जागा

ओल्या डिस्टेंपरचा वास आला की मला हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी वस्तीतली, दूधविनायकाजवळच्या शाळेतली ती सभा आठवते. पंचगंगा घाटाकडच्या रस्त्याच्या सुशोभीकरणाचा नकाशा कचेरीचा इंजिनिअर म्हणून मी काढला होता आणि नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर तो लावून आमचे साहेब जमलेल्या लोकांच्या सूचना ऐकत होते. एक म्हातारे नावाडी उठले. "बाढ़ में नाव कहाँ बाँधेंगे?" पूर आला की नावा बांधायच्या खुंट्यांच्या जागी मी दगडी बाकं दाखवली होती. "तिथे खुंटे नाहीतच," साहेब म्हणाले, "आमच्या इंजिनिअरने पाहणी केलीय." बाकीचे नावाडीही ओरडू लागले, एक खुर्ची धाडकन पडली. आमच्या शेजारच्या काकू माझ्याकडे वळल्या. "अरे, तू तर इथलाच ना? सांग की!" घरचीच गल्ली म्हणून मी पाहणीला गेलोच नव्हतो. कचेरीतल्या जुन्या नकाशावरून रेघा ओढल्या होत्या. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर तेच सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्याच दिवशी ते काम माझ्याकडून गेलं, पण बाकं तिथे बसली नाहीत. आजही मी घाटावर गेलो की ते म्हातारे नावाडी नावेत जरा सरकून मला बसायला जागा करून देतात.