कंपनीची तार

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कन्नौदला एका किराणावाल्याशी पापडांच्या भावावरून भांडत होते. "वन्सं, हे गेले," एवढंच ती म्हणाली. समोरचा माणूस अजून बोलतच होता... त्याने सांगितलेला भाव मी आयुष्यात पहिल्यांदा तसाच मान्य केला आणि देवासची वाट धरली. त्याला आता दीड महिना झाला. दादाशी मी त्याआधीचे अकरा महिने बोलले नव्हते.

दादा माझा थोरला भाऊ. देवासला एका कारखान्यात त्याने जन्मभर विजेचं काम केलं. मी धारला पापड-मसाल्यांचा धंदा एकटीने उभा केला. माझा अर्धा दिवस मालाच्या गाडीत जातो, म्हणून तिच्यात चांगले स्पीकर बसवायचं ठरवलं आणि दादाला घेऊन देवासच्या एका दुकानात गेले. गाडीत मुळातच आलेली बारीक तार दाखवत दुकानदार म्हणाला, "दीदी, कंपनी की तार तो बाल जैसी होती है, पूरी बदलनी पड़ेगी." तासभर घासाघीस करून मी त्याला तारेसकट निम्म्यावर आणला. सौदा पक्का झाला आणि तेव्हा दादा बोलला, "बेबे, तार बदलायची गरजच नाही."

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. "यात तुझं काय जातंय?" मी विचारलं.

"माझं काय जाणार? मोठा अँप्लिफायर लावणार असतीस तर मीच बदल म्हटलं असतं. तू डोळे मीट."

त्याने जाड तार सीटवरून तात्पुरती ओढली आणि तोच स्पीकर आधी एका तारेवर, मग दुसऱ्या तारेवर वाजवला. मी ठणकावून सांगितलं, "ही नवी. आवाज बघ किती भरीव." ती कंपनीची निघाली. दुकान हसलं. दादाही हसला, आणि तेच मला लागलं. "हे सौद्याआधी सांगितलं असतंस तर जीभ झिजली असती का?" असं म्हणून मी नुसत्या स्पीकरचे पैसे टेकवले, खोकी गाडीत टाकली आणि निघाले.

खोकी तशीच मागे पडून राहिली. जुन्या तारेवर लावले तर दादा खरा ठरणार, नवी घातली तर जाणूनबुजून पैसा वाया. भाऊबीजेला मी गेले नाही. त्याचा फोन आला, तोही उचलला नाही...

गेल्या महिन्यात वहिनीला बँकेत नेत होते. ती म्हणाली, "वन्सं, या खोक्यांवर पाय ठेवून किती दिवस बसायचं?" तिला घेऊन त्याच दुकानात गेले. तार तीच राहू दे, स्पीकर तेवढे बसव, असं सांगितलं, पण दुकानदाराला ऐकवल्याशिवाय राहवलं नाही. सौदा झाल्यावर बोलून दादाने त्या दिवशी चार लोकांत माझी शोभा केली, म्हटलं.

त्याने पेचकस खाली ठेवला. "दीदी, भाईसाहब ने तो पहले ही दो बार आपकी बाँह पकड़ी थी. आपने झटक दी. बोलीं, दादा थांब, भाव होऊ दे. मराठी मुझे इतनी ही आती है."

दादा गेल्यापासून वहिनी पहिल्यांदा हसली. "घरी आल्यावर हेच सांगत होते. म्हणाले, भाव करताना बेबी कुणाची नसते."

मला काही आठवत नव्हतं. पण दुकानदार खोटं बोलत नव्हता, एवढं मला माणसांच्या तोंडावरून कळतं.

स्पीकर छान वाजतात. वहिनी आता आठवड्यातून दोनदा माझ्याबरोबर मालाला येते. परवा टोंकखुर्दला मिरचीचा भाव करत होते. व्यापारी उतरत आला होता, अजून थोडा उतरला असता, इतक्यात कोपराला हात लागला. माझा हात सवयीने झटकायला निघाला होता... मी थांबले.

"काय गं?"

"वन्सं, मिरची ओली आहे."