दुसरी हाक

आमच्या कुरवंडे गावाहून मी शिकायला बेंगळुरूला निघाले त्या सकाळी धुकं असं होतं की जीपच्या दाराला हात लागला तरी जीप दिसत नव्हती. मागून वडिलांची, आबांची हाक आली, "करुणा!" मी थांबले, पण ओ दिली नाही. परत हाक आली, "अगं करुणे, डबा काय बंगल्यातल्या मांजरीला घालू?" तेव्हा कुठं मी "ओ" म्हणाले. आबा खंडाळ्याच्या एका बंगल्यावर माळी होते.

आमच्याकडं धुक्यात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. आई म्हणायची, "माणूस आसंल तर परत हाक मारंल. दुसरं कोन आसंल तर येकदाच." आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती, दर रविवारी चर्चला जाणारे, पण हा नियम कुणी सोडला नव्हता.

बेंगळुरूच्या सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, मी समुपदेशनाच्या एमएला गेले. घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच, त्यामुळं भीती वाटली तरी सांगायची सोय नव्हती. सकाळी थिऑलॉजी, दुपारी सायकॉलॉजी, आणि शुक्रवारी दोन्हींचा मिळून सेमिनार. एकाच दुखावलेल्या माणसाकडं दोन्हीकडून बघायला शिकायचं.

दुसऱ्या वर्षी आबा गेले. माती देऊन मी परतले, आणि काही आठवड्यांनी आईचा फोन आला, "सांजच्याला तुजा बा नागफणीच्या कड्याकडनं हाक मारतो. येकदाच."

सेमिनारमध्ये मी हे नाव न सांगता मांडलं. सायकॉलॉजीच्या मॅडम म्हणाल्या, शोकात असं ऐकू येतं, वाद घालू नकोस. हाक आल्यावर ती काय करते, ते विचार. थिऑलॉजीचे सर म्हणाले, गेलेला देवाच्या हाती आहे, तू जिवंत माणसाजवळ जाऊन बस. दोघांचंही पटलं. पण दोघांनीही आमचं धुकं पाहिलं नव्हतं.

सुट्टी टाकून गावी गेले. दिवेलागणीला आई दारात बसलेली, पायात चप्पल, चूल गार. मॅडमचा प्रश्न मी विचारला.

"काय करायचं? बसती. दुसरी हाक आली की जाईन. कड्यापतूर वाट ठावं हाय मला."

तेवढ्यात धुक्यातून हाक आली. आवाज आबांचा. नाव माझं.

आईनं मनगट धरलं. "गप." ओ माझ्या ओठांपर्यंत आली होती. किती वेळ बसलो कोण जाणे. दुसरी हाक आली नाही.

मी म्हणाले, "आये, हितनं पुढं दुसरी हाक माझी. दुसरी ऐकलीस की मीच, असं धर. कड्याकडं जायचं न्हाई."

"एवढ्या लांबनं?"

"फोन हाय की."

"फोनात बी धुकं आसतं व्हय गं?" आबा गेल्यावर पहिल्यांदाच ती हसली. मग चप्पल काढून चुलीकडं गेली.

आता मी बेंगळुरूतच समुपदेशक आहे. रोज दिवेलागणीला फोन लावते. "आये!" पलीकडं गप्प. परत "आये!" मग येते, "ओ, बाय."

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, घर कुठं विचाराल तर माझं घर आता त्या दोन हाकांच्या मधे आहे. तिथं कड्यावरचा वारा ऐकू येतो, आणि एखाद्या दिवशी आईच्या शेजारी कुणीतरी श्वास घेतं. कोण ते मी विचारत नाही. दुसरी हाक जरा मोठ्यानं मारते.