फौजी बावर्चीखाना आणि सुमनच्या लग्नाचं वरण

फौजेत मी कधी नव्हतो, पण फौजेचा बावर्चीखाना माझ्या दारात दोन पावसाळे उभा होता. (पावसाळे आपलं म्हणायचं. पाऊस दोन्ही वर्षी फिरकलाच नव्हता.)

चाकूरजवळच्या आमच्या गावात माझं ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान. विहिरी आटल्या, इंजिनं बंद झाली, आणि चालतच नाही ते बिघडणार कुठून? रिकामा माणूस भंगारबाजारात हिंडतो. तसा मी नांदेडच्या बाजारात हिंडत होतो, तर तिथं ती दिसली. दोन चाकांची लोखंडी गाडी, वर झाकणाची मोठाली पातेली बसवलेली, खाली भट्टी, मागं धुराडं. भंगारवाले चाचा म्हणाले, "मिलिटरीचा माल हाय. गाडी चालती अन् आत भात शिजतो. फौज पोचली की जेवन तयार."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

गाडी दारात आली. बायकोनं तिच्याभोवती एक चक्कर मारली. "आवं, घरात चूल हाय की."

"ती चालती का?"

"चूल कशाला चालाया पायजे?"

मी पान्हा उचलला आणि कामाला लागलो. गंजलेली चाकं काढून टेम्पोची घातली. रॉकेलचा बर्नर मेला होता, तिथं बाभळीची लाकडं मावतील असा खण केला. धुराडं सडलं होतं, तिथं इंजिनाचा सायलेन्सर उभा ठोकला. मग हिरवा रंग दिला. त्याच सुमारास उस्मानाबाद तोडून आमचा लातूर जिल्हा वेगळा झाला होता. मला त्याचा अभिमान इतका, जसा काही तो मीच वेल्डिंग करून बनवला! तेव्हा उरलेल्या पांढऱ्या रंगानं गाडीच्या दोन्ही अंगाला ठळक लिहिलं: जिल्हा लातूर. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं याहून जास्त लिहूही नये. एवढ्यानंच काय झालं ते पुढं सांगतो.

माझ्या सुमनचं लग्न ठरलं. आमच्या गावात प्यायला पाणी नाही, व्याह्यांच्या गावात एक विहीर अजून जिवंत. म्हणून लग्न त्यांच्या दारात आणि जेवण आमचं, असं ठरलं. बायको म्हणाली, पाणी तिथं हाय, तिथंच जाऊन शिजवू. शहाणपणाचं बोलणं होतं, म्हणूनच मला पटलं नाही. फौज काय पाण्याजवळ बसून स्वैपाक करते? धुराडं सोडत वेशीत शिरायचं, झाकण उघडायचं, आणि वरण-भात तयार! व्याही बघतच राहिले पाहिजेत. मी ड्रमनं पाणी आणून पातेली भरली आणि घरीच भट्टी पेटवली. सुमनला घेऊन बायको सकाळीच बैलगाड्यांबरोबर पुढं गेली.

मागून मी आणि मेव्हणा नामदेव. त्याच्या ट्रॅक्टरला बावर्चीखाना जोडलेला. तूरडाळीचा वास शिवारभर पसरला होता. निम्म्या वाटेवर दुष्काळी काम चालू होतं, रस्ता नवा होत होता. मध्येच खडीचा ढीग, म्हणून नामदेवनं ब्रेक मारला.

खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांनी मान वर केली. हिरवी गाडी. धूर. वरणाचा वास. आणि अंगावर लिहिलेलं, जिल्हा लातूर.

हातोडे खाली पडले. रांग लागली. कुणाच्या हातात जर्मनचं ताट, कुणाच्या भाकरीच्या डब्याचं झाकण. पुढं एक म्हातारी होती. मागच्यांना म्हणाली, "म्या म्हन्लं न्हवतं? नवा जिल्हा झालाय, आता कायतरी येनार." मग माझ्याकडं वळली. "सायेब, खालचं घट्ट वाढा."

नामदेव कानाशी आला. "दाजी, सांगा की त्यास्नी. लग्नाचं हाय म्हनावं."

सांगणार होतो, देवाशपथ. पण सकाळपासून उन्हात खडी फोडलेला माणूस ताट पुढं करून उभा, आणि जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी साहेब म्हटलेलं. मी पळी घातली ती खालून घातली. थोडं वाढून निघू म्हटलं, तर रांगेला शेपूट फुटत गेलं. पातेल्याचा तळ खरवडला तेव्हा मुकादम मिशा पुसत म्हणाला, सरकारी वरणात मीठ जरा कमी पडतंय, वर सांगा. मी सांगतो म्हटलं.

नामदेवनं ट्रॅक्टर पुढं काढला. पोरीचं लग्न, व्याह्यांचं अख्खं गाव जेवायला येणार, आणि बाप निघालाय रिकामी पातेली वाजवत. सुमनला सासरी पहिल्या दिवसापासून हे ऐकावं लागणार.

वेशीत शिरलो, तर विहिरीपाशी तीन दगडांच्या चुली पेटलेल्या. बायको पिठलं हाटत होती, आमच्या बाया भाकरी थापत होत्या. पीठ, डाळ, मीठ सगळं तिनं बैलगाडीत घालून आणलेलं. तिनं माझ्या पातेल्यात वाकून बघितलं. "सांडलं का वाटलं?"

"वाटलं."

"मग बरं," म्हणाली, आणि पिठल्याकडं वळली.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. गाव यायला लागलं आणि मी खांबामागं सरकलो. आलेलं निम्मं गाव खडीवरचंच होतं! पोटं भरलेली, म्हणून पिठलं सगळ्यांना पुरलं, वर उरलं. आणि ती म्हातारी? नवरदेवाची सख्खी आत्या. तिनं मला खांबामागून ओढून काढलं. "आगं बया, ह्ये तर कलेक्टरचे सायेब! दुपारी ह्येंनीच जेवू घातलं."

व्याही माझ्याकडं बघायला लागले. "पाव्हणं, तुम्ही तर इंजिनवाले म्हन्ला हुतात."

खरं सांगायची हीच वेळ होती. सुमन बघत होती, बायको बघत होती, नामदेव तर तोंडात उपरणं कोंबून बघत होता. मी म्हणालो, "ते बी हाय."

बायकोनं कपाळाला हात लावला. सुमनची मान मात्र त्या घरात तेव्हापासून ताठ राहिली. मी गेलो की आत्याबाई अजून चहा टाकायच्या आधी विचारतात, सायेब, आमच्या गल्लीला नळ कधी येनार? सही करायला मला अजूनही दम लागतो. पण साहेबाचं एक बोलणं मला कुणी न शिकवता जमलं. मी म्हणतो, "वर कळवलंय."