ज्यांनी मला शाळेत ठेवलं

मी नववीत असताना आमच्या शाळेत एका शिक्षकाची चौकशी झाली. ती माझ्यामुळे झाली, असं तेव्हा गावात म्हणायचे. ती सरांमुळे झाली होती, हे मला कळायला वेळ लागला. ते कळावं म्हणून काही माणसांनी तेव्हा जे केलं, त्याची आठवण लिहून ठेवावी असं आता वाटतं.

अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी नुकतीच आली होती. आम्ही भिवंडीजवळच्या शेलार गावचे. शेती थोडी, ती आई बघायची, आणि बाबा भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, ड्युटीला जायचे. आमच्या घरातून हायस्कूलपर्यंत पोचलेली मी पहिलीच. गणितात मला गती होती. गणिताचे सर तरुण होते, हसून शिकवायचे, छडी वापरत नसत. सगळ्या वर्गाला ते आवडायचे, मला तर फारच.

दिवाळीनंतर सरांनी आम्हा तीन मुलींना रविवारी आपल्या खोलीवर भूमितीसाठी बोलावलं. फी घेणार नव्हते. भिवंडीतच कामतघरला एका चाळीत वरच्या मजल्यावर ते राहायचे, बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. आईला केवढा आनंद झाला. "सर फुकट शिकवतात, कोन शिकवतो आजकाल?" म्हणून तिनं मला नवी रिबीन आणली.

आधी सगळं भूमितीचंच चाललं. मग सरांनी मला एक शाईचं पेन दिलं. बाकीच्या दोघींना दिलं नाही. "त्यांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल," म्हणाले. मग मला थांबवून घेऊन ते स्वतःच्या घरच्या गोष्टी सांगायला लागले, बायकोशी पटत नाही, माझ्याशी बोललं की बरं वाटतं, असं काहीबाही. मला काय बोलावं कळायचं नाही, पण एवढा मोठा माणूस आपल्याला हे सांगतोय म्हणून मी स्वतःला कुणीतरी समजायला लागले होते. आज मी स्वतः इतकी वर्षं शिकवल्यावर मला दिसतं की तिथंच काहीतरी बिघडलं होतं. तेव्हा दिसण्याचं माझं वय नव्हतं.

एका रविवारी बाकीच्या दोघी आल्या नाहीत. सर म्हणाले, खाली लूमची फार खडखड आहे, आणि त्यांनी दार लावून आतून कडी घातली. मग वही बाजूला सारून माझा हात धरला. मी सोडवायला लागले तर सोडेनात. मी उठले, सतरंजीत पाय अडकून पडले, परत उठले आणि कडी काढून जिना उतरले. पाठीमागून आवाज आला, "कुणाला सांगशील तर तुझीच शाळा सुटेल."

ते मला पटलं. म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही.

गणिताच्या तासाला माझं पोट दुखायला लागलं. खरंच दुखायचं. मी परवानगी घेऊन बाहेर जायची आणि नळापाशी उभी राहायची. आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, त्यांच्या खोलीच्या खिडकीतून तो नळ दिसायचा. त्या इतिहासाच्या. उंच, आवाज खालचा, कुणाला जवळ घेणार नाहीत की कुणावर ओरडणार नाहीत. एक दिवस त्या नळापाशी आल्या, ओंजळीनं पाणी प्यायल्या आणि सहज विचारावं तसं म्हणाल्या, "गणित अवघड जातं, की गणिताचा तास?"

मी म्हणाले, "तास."

पुढं काहीच विचारलं नाही त्यांनी. म्हणाल्या, "बरं. आजपासून त्या तासाला तू वाचनालयात बसायचं. शिवणाच्या बाई तिथं असतात. तुला बोलावंसं वाटलं तर त्यांच्याशी बोल, माझ्याशी बोल, आईशी बोल. नाही वाटलं तर पुस्तक वाच."

आठवडाभर मी पुस्तक वाचलं. मग एका दुपारी शिवणाच्या बाई काजं करत होत्या, आणि मी सांगून टाकलं. त्यांनी सुई खाली ठेवली नाही, हे बरं झालं. त्या माझ्याकडे बघत बसल्या असत्या तर मी गप्प झाले असते.

शिवणाच्या बाईंकडून ऐकून त्याच संध्याकाळी मोठ्या बाई एसटीनं शेलारला आमच्या घरी आल्या. मुख्याध्यापिका घरी आली म्हणून आई घाबरून पदर सारखा करत राहिली. बाईंनी आई-बाबांना सगळं सांगितलं, माझ्यासमोर, माझेच शब्द वापरून, त्यात भर घातली नाही आणि काही गाळलंही नाही. काका ओसरीवर होते, त्यांनी ऐकलं. ते उठून उभे राहिले. "चला रं, त्या मास्तराचं तंगडं मोडून येऊ."

बाबा पायात चपला घालायला लागले.

बाई म्हणाल्या, "तुम्ही त्यांना मारलंत तर पोलीस तुमच्या दारात येतील. आणि ते दुसऱ्या गावाला जाऊन दुसऱ्या शाळेत शिकवतील. तिथल्या मुलींचं काय? मला चौकशी करू द्या. नीट, कायद्यानं."

"आणि माझी पोर? तिचं नाव खराब झालं तं?" आई म्हणाली.

"मी खोटं आश्वासन देत नाही," बाई म्हणाल्या. "लोक बोलतील. पण तिची शाळा सुटणार नाही, एवढं माझ्या हातात आहे."

बाबांनी चपला काढल्या. मला अजून त्यांचे ते हात दिसतात, सुताचे बारीक तंतू नखांत बसलेले, चपला कोपऱ्यात नीट लावून ठेवणारे.

शाळेत काय चाललं होतं ते मला पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं. संस्थेचे अध्यक्ष बाईंना म्हणाले होते, कशाला गाजावाजा? राजीनामा घेऊ, चांगला दाखला देऊ, विषय संपेल. बाईंनी विचारलं, "तो दाखला घेऊन ते कुठं जातील?" मग चौकशीच ठरली. सर निलंबित झाले. बाईंनी हट्टानं त्यांनाही म्हणणं मांडायला पुरेसा अवधी दिला, आरोप काय आहेत ते स्पष्ट कळवलं. काही पालकांना त्याचा राग आला. बाई म्हणायच्या, घाईनं काढलेला माणूस घाईनं परत येतो.

समिती तीन जणांची होती. संस्थेचे एक वकील, दुसऱ्या शाळेचे एक मुख्याध्यापक, आणि तिसरा माणूस सरांनी स्वतः निवडायचा होता. त्यांनी आमचे हिंदीचे गुरुजी निवडले. गुरुजी त्यांच्याच चाळीत राहायचे. सरांची बायको माहेरी असताना सर जेवायला त्यांच्याकडेच असत. मला हे कळलं तेव्हा मी आईला म्हणाले, आता काही खरं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वाचनालयात मला बोलावलं. सर तिथं नव्हते, त्यांना आधी शेजारच्या खोलीत बसवलं होतं, बाईंनी तसं ठरवून घेतलं होतं. आई माझ्या शेजारी खुर्चीच्या टोकावर बसली. गुरुजींनीच सुरुवात केली.

"बेटी, सरांच्या वतीनं मला काही विचारायचं आहे. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. दार वाऱ्यानं लागलं की कुणी लावलं?"

"सरांनी लावलं. कडी घातली."

"हात धरला तो वही दाखवताना धरला, की वही बाजूला ठेवल्यावर?"

"वही बाजूला ठेवल्यावर."

"तू सोड म्हणालीस?"

"बोलले नाही. ओढला."

ते मान डोलवत होते. प्रश्न कठीण होते, पण सरळ होते. एकही प्रश्न मला अडकवायला विचारलेला नव्हता. मग वकील पुढं झुकले. "ते सगळं ठीक. पण तू एकटी असताना आत गेलीसच कशाला?"

कोपऱ्यात बसलेल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "त्याचं उत्तर तिनं द्यायचं नाही. विद्यार्थिनी एकटी आली तेव्हा तिला परत का पाठवलं नाही, याचं उत्तर सरांनी द्यायचं."

"बाईंचं बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. "हा प्रश्न मी माझ्या मित्राला विचारीन."

तेवढ्यात आई बोलली. घरातल्या पुरुषांसमोरही कधी आवाज न काढणारी माझी आई. "मी पाठवली तिला. सरांनी शिकवायला बोलावलं म्हनून मी पाठवली. मास्तरच्या घरी पोर पाठवायला भ्यावं लागतं हे मला म्हायती न्हवतं. तुमाला म्हायती हुतं तं आमाला सांगायचं हुतं."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. नंतर त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

माझ्यानंतर आणखी एक मुलगी आली. माझ्याबरोबर रविवारी यायची त्यातलीच, विणकर तेलुगू घरातली. तिलाही एकदा थांबवलं होतं म्हणूनच ती यायची बंद झाली होती. तिच्या आईला मराठी धड येत नव्हतं. ती आई दारातच म्हणाली, "मेरी लडकी भी बोलेगी." तिच्या आईशी माझी ओळख नव्हती. आम्हा दोघी मुलींना एकमेकींचं काहीच माहीत नव्हतं. एकाच बाकावर बसून आम्ही दोघी आपापल्या पोटदुखीशी झगडत होतो.

त्या दिवसांत आई एकदा टोपलीत वालाच्या शेंगा आणि नवे तांदूळ घेऊन बाईंच्या घरी गेली. बाईंनी पाणी दिलं, बसवलं, आणि टोपली परत दिली. "चौकशी चालू आहे. मला घेता येणार नाही." आईला अपमान वाटला. वाटभर ती पुटपुटत होती, शेंगा का लाच असते? घरी आल्यावर बाबांनी तिला समजावलं, "अगं, उद्या कुनी म्हनंल बाई यांच्या घरचं खातात. आपलंच काम बिघडंल."

निकाल लागला. तिघांनीही एकमतानं आरोप खरा धरला होता. सरांना नोकरीतून काढलं. त्यांनी वर दाद मागितली, तिथंही तेच कायम झालं. मला वाटलं होतं मोठा आनंद होईल. झाला नाही. रिकामं वाटलं, आणि बरं वाटलं की आता कुणी काही विचारणार नाही.

लोकांनी मात्र विचारलंच. शाळेच्या भिंतीवर खडूनं काहीतरी लिहिलं गेलं. आत्यानं निरोप पाठवला, स्थळ बघा, पोर घरी बसवा. घरात सगळे जमले. बाबा रातपाळी करून आले होते, डोळे लाल. ते एवढंच म्हणाले, "चूक मास्तरनं केली. पोरीची शाळा कशाला बंद करायची?" आणि आंघोळीला गेले. त्या दिवसापासून वर्ष संपेपर्यंत रातपाळी सुटली की ते थेट घरी येत, चहा पीत आणि मला सायकलवर बसवून शाळेच्या फाटकापर्यंत सोडत. मी त्यांच्या पाठीला डोकं टेकून पाढे म्हणायची.

नवे गणित शिक्षक मिळेनात. मग मोठ्या बाईंनीच आमचं गणित घेतलं. इतिहासाच्या बाई, भूमिती शाळेनंतर विसरलेल्या. फळ्यावर प्रमेय अर्ध्यात अडकायचं. त्या आमच्याकडे वळून म्हणायच्या, "आता कुणीतरी मला बाहेर काढा." मी हात वर करायची. हळूहळू गणिताच्या तासाला माझं पोट दुखायचं थांबलं.

मला त्या बाईंची फार ओढ लागली. काही ना काही निमित्त काढून मी त्यांच्या खोलीपाशी घुटमळायची. एकदा विचारलं, "रविवारी तुमच्या घरी येऊ?" बाई हसल्या. दार सताड उघडं होतं, समोर शिपाईमामा बसले होते. "मी तुझी बाई आहे," त्या म्हणाल्या. "शाळेत हवं ते विचार, मी कायम आहे. रविवारी मैत्रिणींकडे जा. ती तेलुगू मुलगी एकटी असते." तेव्हा मला जरा लागलं. पण मी तिच्याकडे गेले. ती आजही माझी मैत्रीण आहे. बाईंनी मला दूर ठेवलं असं मला पुढं कधी वाटलं नाही. आपल्याजवळ मला किती येऊ द्यायचं, याची काळजी त्या माझ्यासाठी करत होत्या.

मी पुढं डी.एड. केलं. त्या काळात एकदा गुरुजी भेटले, निवृत्त झालेले. मीच विषय काढला. विचारलं, मित्राच्या विरुद्ध सही करताना काय वाटलं? ते म्हणाले, "त्यानं मला सांगितलं, मी तिला धाकटी बहीण मानतो. मी विचारलं, बहिणीला कडी लावून शिकवतात का? त्या रात्री मला जेवण गेलं नाही, बेटी. पण मला निवडायचं ते माणूस सरळ आहे म्हणून, की मित्र आहे म्हणून, हे त्यानं ठरवायचं होतं. मी सरळ राहायचं ठरवलं." चाळीतल्यांनी पुढं बरेच दिवस त्यांच्या घराशी बोलणं टाकलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला त्यांच्या सूनबाईंकडून कळलं.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षात मी सुट्टीवर घरी होते. शेजारच्या पूर्णा गावची एक बाई आपल्या मुलीला घेऊन आईकडे आली. मुलीच्या शाळेतल्या एका मास्तरांचंच काहीतरी होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "कुनाला सांगू नका मावशी, पोरीचं नाव खराब होईल." आई चुलीपुढून उठली. हात धुतले. नऊवारीचा पदर खोचला आणि तिला म्हणाली, "चल. मोठ्या बाई अजून त्याच शाळेत हायत. मी येते बरोबर. बोलायचं काय न् कसं, ते मी तुला वाटेत सांगते."