वेदीपाशी राहिलेलं पोतं

आमच्या रोह्याच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी शास्त्रातलं एखादं वाक्य फेकून दुसऱ्याचं तोंड बंद करायला गेलं, की मागच्या बाकावरून खर्जातला आवाज यायचा, "पुढचं वाच." त्यामुळे काकांचं बाप्तिस्म्याचं नाव मंडळीच्या दप्तरात तेवढं राहिलं, नातं नसलं तरी आम्ही सगळे त्यांना पुढचंकाका म्हणायचो. कंपनीत फिटर, युनियनचे पुढारी आणि मंडळीचे वडील, म्हणजे पाळकसाहेबांच्या खालोखाल कारभार बघणारे. तिन्ही ठिकाणी माणूस सारखाच तापट.

माझ्या बाबांना त्या आवाजाचा तडाखा बसला आणि माझं आयुष्य मार्गी लागलं. मला पेणच्या कॉलेजात जायचं होतं. काका जेवायला आले असताना बाबांनी मला सुनावलं, "मुलांनी आईबापाचं ऐकावं, असं शास्त्रात आहे." काका भाकरी मोडत म्हणाले, "हाय ना. पुढचं वाच." पुढे बापांनी मुलांना चिडीला आणू नये, असं आहे. बाबांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि जूनमध्ये मुकाट्याने माझा एसटीचा पास काढून दिला. त्यासाठी मी काकांची जन्मभर ऋणी आहे.

आमच्याकडे शास्त्रवाचन क्रमाने व्हायचं. दर रविवारी जुन्या करारातला एक अध्याय, नव्यातला एक. मागच्या रविवारी जिथे थांबलो त्याच्या पुढचा. सण असो, लग्न असो, वगळावगळी नाही. एका नाताळात सगळे नव्या कपड्यांत नटून बसलेले, आणि जुन्या करारातून वाचले गेले ते कुष्ठरोग्यांना तपासण्याचे नियम! पाळकसाहेब रडकुंडीला आले होते. पण हा नियम काकांचा होता आणि वाचणारेही बहुतेक वेळा काकाच. "निवडून वाचलं की मानूस आपल्या सोयीचंच निवडतो," असं ते म्हणायचे.

पक्ष मात्र त्यांनी पक्का निवडला होता. घरावर कायम झेंडा. निवडणुकीच्या दिवसांत नाक्यावर उभे राहून विरोधकांची अशी सालटी काढायचे, की बायका मुलांना घेऊन घरात पळायच्या. एकदा त्यांच्याच पक्षाची माणसं रविवारी उमेदवाराला घेऊन प्रार्थनामंदिरात आली. काकांनी त्यांना अंगणातच बसवलं. "काका, पाच मिनटं बोलू द्या. आपलाच मानूस हाय."

"आपला हाय म्हनूनच बाहेर बसवलाय," काका म्हणाले. "परका असता तर आत नेऊन गानी ऐकवली असती."

उपासना संपल्यावर त्याच उमेदवाराची पत्रकं त्यांनी फाटकाबाहेर स्वतः वाटली. त्या निवडणुकीत त्यांचा पक्ष सपाटून आपटला आणि नेमका पुढच्या रविवारी राज्यकर्त्यांचा मान राखण्याविषयीचा अध्याय आला. काढा पिताना होतं तसं तोंड करून काकांनी तो अथपासून इतिपर्यंत वाचला. मग पुस्तक मिटून म्हणाले, "मला ह्यो अध्याय आवडत नाय. पन आवडंल तेवढंच वाचायचं, तर ते देवाचं कशाला? आपल्याच पक्षाचं पत्रक झालं."

त्यांच्या मनात एक जागा मात्र अशी होती, जिथे शास्त्रालाही वाट नव्हती. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, शमूकाका. दोघे एकाच कंपनीत, एकाच युनियनमध्ये. एका वर्षी कंपनीने करार पुढे केला: कायम कामगारांना पगारवाढ आणि कंत्राटी पोरांना घरचा रस्ता. काकांनी सही नाकारली, शमूकाकांनी केली, आणि वर विरोधी पक्षात गेले. काकांनी त्यांना भर मांडवात, शमूकाकांच्याच मुलीच्या लग्नात, व्याह्यांसमोर 'विकला गेलेला' म्हटलं. त्यानंतर शमूकाका रोहा सोडून पेणला राहायला गेले. वर्षं लोटली, पण दोघांनी एकमेकांच्या दारात पाऊल टाकलं नाही.

आमच्याकडे भातकापणी उरकली की कापणीचा सण होतो. ज्याच्या घरी जे पिकलं ते त्याने वेदीपाशी आणायचं. मागाहून अंगणात त्याचा लिलाव. दुधी, अंडी, पाय बांधलेला कोंबडा, सगळं ओळीने मांडलेलं असतं. कोलाडच्या बाजूला काकांचं लहानसं खाचर होतं. तिथल्या नव्या तांदळाचं पोतं दरवर्षी ठरलेलं.

त्या वर्षी सणाच्या दिवशी क्रमाने आला तो डोंगरावरच्या उपदेशाचा अध्याय. काका वाचत होते. दान घेऊन वेदीपाशी आलास आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं तिथे आठवलं, इथवर आले आणि थांबले. कोंबडा तेवढा फडफडत होता. मग बायकांच्या बाकावरून माझी आई हळूच म्हणाली, "भावजी, पुढचं वाचा."

कुणी हसलं नाही. काकांनी पुढचं वाचलं: दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. अध्याय शेवटपर्यंत वाचून त्यांनी आपलं पोतं वेदीपासून हातभर अलीकडे ओढलं आणि चपला घालायला लागले.

"अहो, उपासना तर होऊ द्या," पाळकसाहेब म्हणाले.

"उपासना झाल्यावर, असं तिथं लिहिलेलं नाय," काका म्हणाले आणि निघाले.

संध्याकाळी ते परतले ते हायवेची धूळ अंगावर घेऊन. पेणला भावजयीने पाणी दिलं होतं. शमूकाका आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवून बसले होते. पाळकसाहेबांनी समजूत काढली, "तुम्ही गेलात ना, देवाला पोचलं. पोत्याचा लिलाव करू या."

"तुम्हाला पोचलं असंल," काका म्हणाले. "शमूला नाय पोचलं."

पोतं तिथेच राहिलं. उपासना झाली की काका पेणची एसटी धरायचे आणि हात हलवत परत यायचे. पक्षातले चिडवायला लागले, "काका, तिकडं उडी मारताय काय?" ते त्यांच्या फार जिव्हारी लागायचं. "करार चुकीचाच होता," ते बाबांना म्हणाले. "पोरांच्या पोटावर पाय आला, ह्ये मी मरेस्तोवर बोलनार. पन मांडवात जे बोललो ते पक्षानं नव्हतं बोललं. मी बोललो. त्याची माफी मीच मागायची."

नाताळच्या आदल्या रविवारी शमूकाका प्रार्थनामंदिराच्या दारात उभे राहिले. कुणाकडे न बघता सरळ पोत्यापाशी गेले.

"तांदूळ हाय ना ह्यो?"

"हाय. टोके पडले असतील," काका म्हणाले. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "शमू, मांडवात मी तुझी अब्रू घालवली. माफ कर."

शमूकाका पोत्यावर वाकले. एक टोक उचललं आणि म्हणाले, "धर."

दोघांनी मिळून पोतं वेदीपाशी नेलं. काका लहान मुलासारखे रडले. मीही रडले, त्यात लपवायचं काय? बाहेर चहाला मात्र दोघे पुन्हा त्याच करारावरून इतके कडाकडा भांडले, की पाळकसाहेब पुन्हा धास्तावले. दोघांचंही मत तसूभर हललं नव्हतं.

काकांना जाऊन आता वर्ष होत आलं. हृदयाचं दुखणं होतं, फार दिवस काढले नाहीत. मी पेणलाच शाळेत शिकवते. परवा मतमोजणी झाली आणि दुपारी शमूकाका माझ्या दारात उभे. हातात पेढ्यांचा खोका, तोंडावर जिंकल्याची काही खूण नाही.

"आमचा मानूस आला गो," ते म्हणाले. "पेढे घेतले न् रोह्याच्या गाडीत बसलो, त्याला खिजवायला. नागोठण्यात ध्यानात आलं. उतरलो न् माघारी आलो."