कलमाच्या जागेवरची गाडी

बाळांनो, पेटीत आंबे भरताना पेंढ्याचा वास आला, की मला तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई आठवतात. आंबा एका रात्रीत मुंबईला पोचेल, या आशेवर त्यांनी बागेतली जमीन रेल्वेला दिली होती. खडीवर स्लीपर आणि रूळ बसले, तेव्हा तोडलेल्या आंब्याच्या कलमाच्या जागी रुळाला हळदकुंकू लावून त्या मुकादमाला म्हणाल्या, "गाडी इथंच थांबव हो."

"आजी, गाडी स्टेशनातच थांबते."

"मग माझे आंबे काय चालत जाणार?"

आम्ही सगळे हसलो होतो.

आज भरलेल्या पेट्यांना पाठ टेकून मी मुंबईला जाणाऱ्या टेम्पोची वाट बघते आहे. आत्ताच गाडी कलमाच्या जागेवरून धडधडत निघून गेली. मला हसू आलं नाही.