ओसरीवरचा रेचा आणि पोरीचं पोट

आमच्या घरात ढेकर द्यायची मुभा फक्त पुरुषांना होती. बा जेवून उठला की ओसरीवर भिंतीला टेकून असा मोठा ढेकर द्यायचा की गोठ्यातला बैल मान वळवून पाहायचा, आणि चुलीपाशी बसलेल्या मायला तेवढ्यानं समाधान वाटायचं. बायांनी मात्र पोटातलं पोटातच ठेवायचं. जेवण सगळ्यांचं एकच: ज्वारीची भाकर, लाखोडीच्या डाळीचं पिठलं, वर मिरचीचा ठेचा. पण पुरुषाच्या पोटातून वारा निघाला तर तो जेवणाचा मान, आणि सुनेच्या पोटातून निघाला तर ती निर्लज्ज. हा न्याय कुणी केला हे मी अजून विचारतो आहे.

माझी बायको तिवशाहून नांदायला आली तेव्हा सुरुवातीला रोज संध्याकाळी पोट धरून बसायची. मायनं ते बरोबर ओळखलं. ती तिच्या तळहातावर चिमूटभर ओवा अन् काळं मीठ ठेवायची आणि हळूच म्हणायची, "जाय बाई, गोठ्यात शेण भर जराक. तथी कोनी आयकत नाई." थोड्या वेळानं बायको गोठ्यातून हलकी होऊन, तोंडाला पदर लावून हसत परत यायची, आणि माय उगाच चुलीत फुंकर घालत बसायची. आजही कुठे ओवा भाजल्याचा वास आला की मला तो गोठा आठवतो, ते हसू आठवतं.

आम्ही अंजनगावाकडचे. त्या वर्षांत आमच्या काळ्या रानात ज्वारी मागे सरली आणि जिकडे पाहावं तिकडे कापसाची पऱ्हाटी उभी राहिली. समुद्रापलीकडे अमेरिकेत गोरे आपसात लढून राहिले होते, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. अमरावतीच्या व्यापाऱ्याचा माणूस गाड्या घेऊन थेट दारात यायचा. त्याला सरकी काढलेली रुई हवी असे, आणि ती आजच हवी असे. म्हणून प्रत्येक ओसरीवर रेचा मांडलेला. दोन लाकडी लाटांमधून कापूस ओढायचा, रुई पलीकडे, सरकी अलीकडे. एक बाई दांडा फिरवायची, दुसरी कापूस भरवायची. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गावभर रेच्यांची करकर चालू असे. मला ती करकर आवडायची. घरात रुईचे तंतू उडत, मायच्या केसांवर, भाकरीवर, पाण्याच्या माठावर बसत. भरल्या गाडीबरोबर अमरावतीला जाणं माझ्याकडे होतं. जाताना मी रुईच्या ढिगावर उताणा पडून पातळ छापील चोपड्या वाचायचो. अमरावतीच्या शाळेतले माझे जुने मास्तर त्या मला देत. विधवांवरच्या, दारूवरच्या, लेकरांच्या रोगांवरच्या. रस्त्यातल्या धुळीनं त्यांची पानं तपकिरी होत. माझं डोकं त्या चोपड्यांवरच वाढलं, आणि त्याची मला लाज नाही.

दसऱ्यानंतर आम्हाला पहिली मुलगी झाली. बाळंतिणीची खोली सुटली आणि बायको रेच्यावर बसली, कारण कापूस आढ्याला टेकला होता. पोर रडली की ती उठे, घाईत पाजे, झोळीत टाके आणि परत दांडा धरे. व्यापाऱ्याचा माणूस दारात तंबाखू मळत उभाच.

पोरीचं पोट फुगायला लागलं. दुपार कलली की ती पाय पोटाशी घ्यायची, मुठी आवळायची, तोंड लाल करून किंचाळायची. पोटावर बोट मारलं तर ढोलकीसारखं वाजे. मायनं घरातलं सगळं केलं. हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावला. ओवा तव्यावर गरम करून फडक्यात बांधला, आधी आपल्या गालाला लावून पाहिला आणि मग शेकलं. सहाणेवर मुरुडशेंग उगाळून बोटानं चाटवली. कधी वारा सरायचा, आणि त्या इवल्या आवाजासरशी सारं घर सण असल्यासारखं हसायचं. बा ओसरीवरून ओरडायचा, "वा रे पोट्टी! आज्यावर गेली." पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आमच्याकडे लेकराच्या पोटफुगीवर शेवटचा इलाज डाग. विळा निखाऱ्यात लाल करायचा आणि बेंबीच्या आजूबाजूला टेकवायचा. आळीतला एक म्हातारा ते काम करायचा. आम्ही सगळे त्याला आजा म्हणायचो. माणूस मायाळू होता. डाग दिल्यावर लेकराच्या हातात गुळाचा खडा द्यायचा. माझ्या पोटावर त्याचे चार डाग आहेत. माझ्या पाठच्या भावालाही त्यानंच डागलं होतं. ते चिघळलं, आणि भाऊ गेला. घरात म्हणत, पोटानं गेला. मी चोपडीत वाचलं तेव्हा मला कळलं की तो पोटानं गेला नव्हता.

संक्रांतीला रेचे बंद राहिले. सणाला बायांनी दांड्याला हात लावायचा नाही. बायको दिवसभर शेजारणींबरोबर तीळ निवडत गप्पा मारत बसली होती आणि पाजल्यावर पोरीला खांद्यावर तशीच धरून होती. त्या दुपारी पोर रडली नाही. विहिरीवर मी बैलांना पाणी पाजत होतो तेव्हा बायको घागर भरता भरता, माझ्याकडे न पाहता बोलली.

"सनाच्या दिवशी पोट्टी रडली नाई, पायलं का?"

"हो."

"खांद्यावर होती, म्हून वारा वर आला. रोज घाईघाईत पाजा लागते अन् तशीच झोळीत टाका लागते. दुधासंगं वारा बी पोटात जाते. तो निंघन कसा?"

"मग धरत जा खांद्यावर."

"अन् रेचा कोन ओढन? तुमचा तो तंबाखूवाला?"

"मग माय धरेल."

"माय दुसऱ्या रेच्यावर हाये." ती घागर डोक्यावर घेऊन निघाली. "घरात रिकामा खांदा हाये एकच, अन् त्याले रीत आडवी येते."

रीत अशी होती की तरण्या बापानं आपल्या बापादेखत स्वतःचं लेकरू उचलायचं नाही. त्याला आमच्याकडे बेशरमपणा म्हणत. काका, मामा, शेजारी, कुणीही घ्यावं; बापानं नाही. आणि आमच्या ओसरीवर बा सकाळपासून संध्याकाळपर्यंत रुईचा हिशेब पाहत बसलेला असे, कारण कापसाच्या दिवसांत तो दुसरीकडे जाणार कुठे?

संक्रांतीनंतर लगेचच पोरीची हालत बिघडली. रेचे दुप्पट जोरानं सुरू झाले होते. त्या दिवशी मी अमरावतीहून दुपारी परतलो तेव्हा अंगणात निखारे फुललेले दिसले. आजा उकिडवा बसला होता. विळा निखाऱ्यात होता. माय पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, आणि पोरीचं पोट ताणून चमकत होतं. दांडा आता शेजारीण ओढत होती. बायको कापूस भरवत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी रुईवर पडत होतं.

मी चप्पल न काढता ओसरीवर चढलो.

"बा, डाग द्यायचा नाही."

"कावून?"

"कातडी जाळून पोटातला वारा निघत नाही. लेकरू फक्त जळतं. छापून आलं आहे."

"छापून?" बा आज्याकडे वळला. "आयकलं का? आता कागदानं पोट उतरन म्हंते." मग माझ्याकडे पाहिलं. "तुले डागलं म्हून तू जगला. अन् आज उभा राहून बापासमोर बोंबलून राहिला."

"अन् भाऊ?"

मायचा हात पोरीच्या डोक्यावर थांबला. मी अजून बोललो, पुष्कळ बोललो. अज्ञान, रूढी, लेकरांचे हाल. चोपडीतली वाक्यंच्या वाक्यं माझ्या तोंडून निघाली, आणि ती सगळी खरी होती, आणि त्यांचा निखाऱ्यांवर काही परिणाम झाला नाही.

व्यापाऱ्याचा माणूस दारातून म्हणाला, "भाऊ, भाषन मंग द्या. गाड्या भरा."

आज्यानं विळा उलटून पाहिला. पोर किंचाळली. मायनं तिला पाजायला सुनेकडे दिलं, निदान डागायच्या आधी दोन घोट जावेत म्हणून. बायकोनं कापूस बाजूला सारला, भिंतीकडे तोंड करून पोरीला घेतलं. पोर भुकेली होती. रडत, गिळत, पुन्हा रडत ती प्यायली. पाजून झाल्यावर बायकोनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी गेलो आणि पोरीला उचललं.

रेचा थांबला. शेजारणीचा दांड्यावरचा हात तसाच राहिला. व्यापाऱ्याचा माणूस खो खो हसला. "अरे, तुमचं पोट्टं तं दाई झालं!"

"ठेव खाली," बा म्हणाला.

मी ठेवली नाही. खांद्यावर टाकून ओसरीवर येरझारा घालू लागलो आणि तिची पाठ थोपटत राहिलो. ती माझ्या कानाशी एवढ्या जोरानं ओरडत होती की बा पुढे काय म्हणाला ते मला ऐकूच आलं नाही. काही होईना. तेव्हा बायको बोलली. सासऱ्यादेखत तिचा आवाज त्या घरात पहिल्यांदा निघाला असेल.

"अजून वर घ्या. तिचं पोट तुमच्या खांद्यावर दबलं पायजे."

मी वर घेतली. पाठीच्या खालून वर हात फिरवला. मग बायकोच्या सांगण्यावरून तिला हातावर पालथं घातलं, गुडघे पोटाशी आणले, सोडले, पुन्हा आणले, आणि परत खांद्यावर घेतलं. आज्यानं विळा हातात धरला होता. तो काळा पडत चालला होता, पण त्यानं तो पुन्हा निखाऱ्यात घातला नाही. तो पाहत होता.

मग पोरीनं ढेकर दिला. बाला लाजवील असा. त्यामागून आंबट दुधाचा लोट माझ्या मानेवरून पाठीवर उतरला, आणि खालून वारा सुटला तो सुटतच राहिला. पोरीचा आवाज मध्येच तुटला. तिनं एक उसासा टाकला आणि गाल माझ्या मानेवर टेकवला.

आजा हसायला लागला. दात नव्हते, त्यामुळे नुसत्या हिरड्या दिसल्या. "मले बलावलं कावून मग? माहा विळा तं फुकट तापला." तो उठला, विळा धोतराला पुसला आणि म्हणाला, "उद्या गवत कापाले जातो." माझ्या ओठांवर त्याच्यासाठी उत्तर होतं, पण मी ते गिळलं, कारण पोर झोपत होती.

बा अजून तसाच उभा होता. त्याचं तोंड रागानं लाल झालं होतं. सगळ्यांना वाटलं आता हात उठणार. तो जवळ आला.

"मान धर तिची," तो म्हणाला. "लटकून राहिली. धरलंच हाये तं नीट धर."

मायच्या तोंडून हसू फुटलं. "तुमाले कसं ठाव हो?"

"गप राय."

"गप कावून? सांगतो मी." ती माझ्याकडे वळली. "तुले पऱ्हाटीत नेऊन घ्यायचे रे हे. मले म्हनत, कोनी येते का पाय. मी वावराच्या धुऱ्यावर उभी, अन् हे आत तुले खांद्यावर घेऊन फिरून राहिले."

दारातला माणूस पुन्हा गाड्यांचं बोलला, तेव्हा बा त्याच्यावर खेकसला, "उद्या ये. अन् हसाचं असन तं आपल्या घरी जाऊन हास." मग सुनेकडे न पाहता मायला म्हणाला, "तिले सांग, पाजल्यावर उठाचं नाई. रेचा कुठी पळून नाई जात."

इतक्या वर्षांत मी रूढींविरुद्ध पुष्कळ लिहिलं आहे, आणि आणखी लिहीन. बेंबीभोवतीचे डाग जोवर अजूनही दर उन्हाळ्यात उघड्या लेकरांच्या पोटांवर मोजता येतात, तोवर मला गप्प बसायचा हक्क नाही. पण ती संध्याकाळ लिहायला बसलो की माझी लेखणी रागानं चालत नाही. ओसरीवर रुई तशीच पडलेली. माय माठातून पाणी ओतते आहे. पोर खांद्यावर जड झाली आहे. आणि बा माझ्या मागे उभा राहून, कुणी पाहत नाही असं समजून, उपरण्याच्या टोकानं माझ्या पाठीवरचं दूध पुसतो आहे.